तिसऱ्या पाळीचं जेवण

१९९३ साली पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने शिरूर तालुक्यात पाबळ, केंदूर परिसरातल्या सहा गावांत एक चिवट काम सुरू केलं. लग्न झालेल्या, मूल होण्याच्या वयातल्या बायकांची नोंद करायची. दिवस गेले की त्या काय खातात, शेतात आणि घरात किती राबतात, ते लिहून ठेवायचं. बाळ जन्मलं की त्याचं वजन, लांबी, डोक्याचा घेर, कातडीखालच्या चरबीची जाडी मोजायची. आणि पुढे त्या मुलाची साथ सोडायची नाही. सहाव्या वर्षी, बाराव्या वर्षी, अठराव्या वर्षी पुन्हा दार वाजवायचं. यातली गावं कारखान्यांच्या चाकणहून शिक्रापूरच्या रस्त्याला लागलं की फार दूर नाहीत.

त्या बायकांचं गरोदरपणाआधीचं सरासरी वजन ४२ किलो होतं आणि उंची पाच फुटांच्या आसपास. दिवसाला साधारण १८०० उष्मांक आणि ४५ ग्रॅम प्रथिनं त्यांच्या पोटात जात होती, तीही रानातलं काम सांभाळून. पूर्ण दिवसांच्या बाळांचं सरासरी वजन भरलं २.७ किलोच्या आत. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांशी तुलना केली तेव्हा आपली बाळं सगळ्याच बाबतींत लहान निघाली, पण सारख्या प्रमाणात नाही. दंडावरचं मांस बरंच कमी होतं, पोटाचा घेर कमी होता, आणि पाठीवरच्या कातडीखालची चरबी मात्र जवळजवळ राखलेली होती. दिसायला काडी, आत चरबी. २००३ साली हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला आणि मधुमेह हा सुखवस्तू, सुटलेल्या पोटाच्या माणसाचा आजार ही समजूत मुळापासून हलली.

ती मुलं अठरा वर्षांची झाली तेव्हा पुन्हा रक्त तपासलं गेलं. मुलग्यांपैकी ३७ टक्के आणि मुलींपैकी १८ टक्के जणांची साखर सामान्य मर्यादेच्या वर होती, बहुतेकांची मधुमेहाच्या उंबरठ्यावर. गावात वाढलेली, बरीचशी सडपातळ मुलं. ज्यांची साखर तेव्हा जास्त निघाली त्यांच्या स्वादुपिंडाचं काम लहानपणापासूनच तोकडं पडत होतं, हेही जुन्या नोंदींतून दिसलं.

१९९४ ते १९९६ या काळात जन्मलेली ही मुलं आज तिशीत आहेत. चाकणच्या कंपन्यांत लाइनवर उभा असलेला माणूस नेमका याच वयाचा आहे. तो लातूरचा असेल, परभणीचा, बुलढाण्याचा, यवतमाळचा. त्याच्या आईचं वजन कुणी मोजलेलं नाही, पण त्या काळात त्या जिल्ह्यांतल्या शेतमजूर बायकांचं ताट पाबळपेक्षा भरलेलं असण्याचं काहीच कारण नव्हतं. अशा शरीराला आपण चाकणला आणलं, आठवड्याला पाळी बदलणाऱ्या घड्याळावर बसवलं आणि मेसचं ताट वाढलं. या भागात मधुमेह का वाढतो याची चर्चा जिभेच्या चोचल्यांपासून सुरू होते तेव्हा मला राग येतो, तो यासाठी.

२००४ साली याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभे असलेला फोटो ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. वजनकाट्याने दोघांना एकच दाखला दिला होता. चरबीतल्या अशाच फरकामुळे भारतीयांसाठी जास्त वजनाची रेषा २५ वरून २३ वर आणली गेली, आणि कंबरेची मर्यादा पुरुषांना ९० सेंटिमीटर, बायकांना ८० अशी धरली जाते. शिंप्याची टेप बेंबीच्या पातळीवर धरून ही मोजणी खोलीवर कुणालाही करता येते. ‘माझं वजन तर साठच किलो आहे, मला कसली शुगर’ असं म्हणणाऱ्याने तर ती आधी करावी.

देशपातळीवरचा आकडा सगळ्यांनी वाचलेला आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या मोठ्या पाहणीनुसार, जी २०२३ साली प्रसिद्ध झाली, देशात १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि १३ कोटी ६० लाख उंबरठ्यावर आहेत. शहरात प्रमाण १६.४ टक्के, खेड्यात ८.९. चाकण या दोन्ही खान्यांत बसत नाही. गेल्या पाव शतकात खेड तालुक्यातलं हे कांद्याबटाट्याच्या बाजाराचं गाव मोटारींचं गाव झालं. बजाजचा कारखाना आला, मग महिंद्रा, फोक्सवॅगन, मर्सिडीज आणि त्यांना सुटे भाग पुरवणारे शेकडो लहानमोठे कारखाने. निघोजे, महाळुंगे, खराबवाडी, नाणेकरवाडी, कुरुळी, मेदनकरवाडी या गावांत शेताच्या जागी खोल्यांच्या रांगा उभ्या राहिल्या. राहणारा माणूस खेड्यातला, कामाचं वेळापत्रक शहरापेक्षा कडक, आणि स्वयंपाकघर बहुधा नाहीच.

मेसच्या ताटात काय असतं ते इथे राहिलेल्या प्रत्येकाला पाठ आहे. चार-पाच चपात्या, भाताचा डोंगर, पळीतून सरळ खाली धावणारं वरण, रश्शात बटाटा, कडेला कांद्याची फोड. भात आणि चपाती पाहिजे तितकी. भाजीची वाटी एकदाच. मेसवाल्याचा हिशेब साधा आहे: पीठ-तांदळाने पोट स्वस्तात भरतं, डाळ-उसळीने महागात. २०२५ साली त्याच राष्ट्रीय पाहणीच्या गटाने आहाराचे आकडे मांडले, त्यात भारतीय माणसाच्या दिवसभराच्या उष्मांकांपैकी ६२ टक्के कर्बोदकांतून येतात असं दिसलं, आणि त्यातला मोठा वाटा पांढरा तांदूळ, दळलेलं धान्य आणि वरून घातलेली साखर यांचा. चाकणच्या मेसमध्ये हे प्रमाण याहून कमी असेल असं मानायला जागा नाही.

रेशनचंही तसंच. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्यात तांदूळ आणि गव्हाबरोबर भरड धान्य लिहिलेलं आहे, तेही कायदा झाला तेव्हा तिघांत सर्वांत स्वस्त होतं, किलोला एक रुपया. प्रत्यक्षात दुकानातून बहुतेक महिने गहू-तांदूळच मिळत आले. बाजरी ज्या मातीत पिकायची त्याच तालुक्यात ती आता हौसेने विकत घ्यायची वस्तू झाली.

भाकरीबद्दल मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण याबाबत बराच गोंधळ आहे. ज्वारी-बाजरीची भाकरी पांढऱ्या भातापेक्षा हळू पचते, तिच्यात तंतू जास्त असतात, हे खरं. पण तीही पिष्टच. तीन भाकऱ्या आणि वाटीभर पिठलं खाणाऱ्या माणसाची साखर भाकरीने खाली येणार नाही. फरक पडतो तो भाकरी एक-दीड आणि पिठलं, उसळ, अंडं, मासळी जास्त, असं ताट बदललं की. या भागाकडे त्यासाठी लागणारं सगळं आहे. हुलग्याच्या पिठाची शेंगोळी, हुलग्याचं माडगं, मासवडी, मटकीची उसळ, मेथीचा गरगट्टा, ताक. हुलग्यात पाचवा हिस्सा प्रथिनं असतात. जुन्नर-खेड-आंबेगावच्या घरांत हे पदार्थ आजही होतात. कंपनीच्या कॅन्टीनमध्ये मात्र आठवड्यातून एकदा पनीर आणि गुलाबजाम हीच मेजवानी मानली जाते.

चहाचा हिशेब लोक धरत नाहीत. पाळीच्या आधी टपरीवर एक, पहिल्या ब्रेकला एक, जेवणानंतर एक, दुसऱ्या ब्रेकला एक, सुटल्यावर एक, खोलीवर एक. कपाला दीड चमचा साखर धरली तरी दिवसाला नऊ चमचे, म्हणजे ४५ ग्रॅमच्या आसपास. जागतिक आरोग्य संघटना सांगते की वरून घातलेली साखर दिवसाला ५० ग्रॅमच्या आत ठेवा, जमलं तर २५. म्हणजे जिलेबी न खाता, शीतपेय न पिता, नुसत्या चहावर दिवसाची मर्यादा जवळजवळ संपते, आणि सोबतची बिस्किटं यात धरलेलीच नाहीत. साखर दर आठवड्याला अर्ध्या चमच्याने कमी करत नेली तर महिन्याभरात जीभ सरावते. कॅन्टीनच्या चहाची मात्र अडचण आहे, तो एकाच पातेल्यात गोड करूनच येतो. साखर वेगळी ठेवा, एवढी एक मागणी पूर्ण झाली तरी एका कारखान्यातल्या हजारो कपांवर तिचा परिणाम होतो.

आता पाळीकडे येऊ, कारण चाकणचा मधुमेह इतर गावांपेक्षा वेगळा होतो तो इथे.

आपल्या शरीरात दिवस-रात्रीचं एक घड्याळ असतं. सकाळी आणि दुपारी खाल्लेलं अन्न शरीर जितक्या सहज हाताळतं तितकं रात्री हाताळत नाही. तेवढ्याच भाताने मध्यरात्रीनंतर साखर जास्त चढते आणि उशिरा उतरते. अमेरिकेतल्या परिचारिकांच्या मोठ्या पाहणीत वीस वर्षांहून अधिक काळ फिरत्या रात्रपाळ्या केलेल्या बायकांना मधुमेहाचा धोका, एकही रात्रपाळी न केलेल्यांपेक्षा ५८ टक्क्यांनी जास्त दिसला, अर्थात त्यातला काही भाग वाढलेल्या वजनामुळे. बोस्टनच्या संशोधकांनी २०२१ साली एक नेमका प्रयोग प्रसिद्ध केला. १९ निरोगी तरुणांना कृत्रिम रात्रपाळीवर ठेवलं. अर्ध्यांना रात्री जेवण दिलं, अर्ध्यांना जागरण तेच पण जेवण फक्त दिवसा. रात्री जेवलेल्यांची साखर सरासरी ६.४ टक्क्यांनी वाढली. दिवसा जेवलेल्यांची वाढली नाही. प्रयोग लहान आहे, त्यावर सगळा इमला चढवू नये. पण रात्रपाळी रद्द करणं कामगाराच्या हातात नाही आणि रात्रीचं ताट काही प्रमाणात आहे, म्हणून मला तो महत्त्वाचा वाटतो.

सध्या तिसऱ्या, म्हणजे रात्रीच्या पाळीला काय घडतं? माणूस संध्याकाळी उठतो, चहा-वडापाव खातो, पाळीला येतो, रात्री एक-दोन वाजता कॅन्टीनमध्ये पूर्ण जेवतो, पहाटे झोप घालवायला चहा-बिस्किट, सकाळी गेटबाहेर पोहे किंवा मिसळ-पाव, आणि मग पोटभर खाऊन पत्र्याच्या खोलीत उकाड्यात झोप. चोवीस तासांतलं सर्वांत जड खाणं शरीराच्या सर्वांत नकोशा वेळेला. हे पालटायचं तर मुख्य जेवण पाळीला निघण्याआधी, रात्री आठ-साडेआठला घ्यावं. मध्यरात्रीच्या सुट्टीत भूक लागतेच. तेव्हा भात-चपातीऐवजी उकडलेली अंडी, मूठभर फुटाणे-शेंगदाणे, ताक, काकडी. सकाळी थोडं खाऊन झोपावं आणि उठल्यावर नीट जेवावं. डबा नेणाऱ्याला हे आजपासून जमेल. कॅन्टीनवर अवलंबून असलेल्याला कॅन्टीनने साथ द्यावी लागेल.

इथे एक इशारा, आणि तो गंभीर आहे. जे इन्सुलिन घेतात किंवा ग्लिमेपिराइडसारखी साखर झपाट्याने उतरवणारी गोळी घेतात, त्यांनी जेवणाच्या वेळा मनाने बदलू नयेत. रात्रपाळीत औषध घेऊन जेवण चुकलं तर साखर एकदम खाली येते: दरदरून घाम, हातांना कंप, डोळ्यांपुढे अंधार, बोलण्यात गोंधळ. प्रेसवर किंवा फोर्कलिफ्टवर असताना हे झालं तर जीव जाऊ शकतो, त्याचा किंवा शेजारच्याचा. अशा माणसाच्या खिशात तीन चमचे साखरेची पुडी असलीच पाहिजे आणि शेजारच्या एका सोबत्याला त्याचा आजार ठाऊक असला पाहिजे. पाळी बदलली की गोळ्यांच्या वेळा कशा बदलायच्या हे डॉक्टरला विचारावं. बऱ्याच जणांनी डॉक्टरला आपण पाळीत काम करतो हेच सांगितलेलं नसतं, आणि डॉक्टरनेही विचारलेलं नसतं.

महाराष्ट्रात गेल्या काही वर्षांत मधुमेहाबद्दल सर्वांत जास्त ऐकला गेलेला आवाज डॉ. जगन्नाथ दीक्षित यांचा आहे. नागपूरच्या डॉ. श्रीकांत जिचकारांनी मांडलेली कल्पना त्यांनी पुढे नेली: दिवसातून दोनदाच, खरी भूक लागेल तेव्हा, ५५ मिनिटांच्या आत जेवा, मध्ये काही नको, आणि रोज ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चाला. गावोगावच्या सभागृहांत माणसं उभी राहून ऐकत होती. याचं मोठं कारण मला असं वाटतं, की यात विकत काहीच घ्यायचं नव्हतं. पावडर नाही, पुड्या नाहीत, क्लिनिकची पायरी नाही. मधल्या चहा-बिस्किटाला त्यांनी लावलेला चाप चाकणला फार उपयोगी आहे. पण आठवड्याला पाळी बदलणाऱ्याला दोन जेवणांचा नेम टिकवणं अवघड जातं, आणि औषध घेणाऱ्याला तो डॉक्टरच्या नजरेखालीच करायला हवा. न जमणारा नेम सोडून दिल्यावर माणूस सगळंच सोडतो, हे जास्त वाईट. चेन्नईत डॉ. ए. रामचंद्रन यांनी उंबरठ्यावरच्या ५३१ जणांवर केलेला अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. तीन वर्षांत, काही न केलेल्या गटात ५५ टक्के लोकांना मधुमेह झाला. आहार-व्यायामात बेताचा बदल केलेल्यांत ३९ टक्क्यांना. यातली आपल्यासाठी लाखमोलाची गोष्ट अशी, की बदल करणाऱ्यांचं वजन जवळजवळ उतरलंच नव्हतं. काटा हलला नाही म्हणून निराश झालेल्या सडपातळ कामगाराला हे कुणीतरी सांगायला हवं.

याच गटाने पुढे कारखाने आणि कचेऱ्यांतल्या ३५ ते ५५ वयाच्या ५३७ नोकरदार पुरुषांना घेऊन आणखी एक चाचणी केली. एका गटाला सुरुवातीच्या सल्ल्याबरोबर मोबाइलवर नियमित छोटे संदेश, दुसऱ्याला नुसता सल्ला. दोन वर्षांनी संदेश मिळालेल्यांत १८ टक्क्यांना मधुमेह झाला होता, नुसत्या सल्ल्यावर सोडलेल्यांत २७ टक्क्यांना. चाकणमध्ये पाळीच्या बसची वेळ, ओव्हरटाइमची यादी, सुट्टीचा बदल सगळं मोबाइलच्या ग्रुपवरच येतं. त्याच ग्रुपवर हे काम करायला एकाही कंपनीला नवी यंत्रणा लागणार नाही.

व्यायामाचं काय? ‘दिवसभर उभंच असतो, आणखी कसला व्यायाम’ हे उत्तर लाइनवरचा कुणीही देईल, आणि त्याचे पाय खरंच दुखत असतात. पण एका जागी आठ तास उभं राहून तेच नट आवळणं स्नायूंना थकवतं, बळकट करत नाही, आणि हृदयाची गतीही वाढवत नाही. जेवणानंतर रक्तात आलेली बरीचशी साखर स्नायूच ओढून घेतात. पाबळच्या बाळांच्या दंडावर जे मांस कमी भरलं, तेच आता कमवायचं आहे. म्हणून या माणसांसाठी चालण्याइतकंच जोर-बैठकांचं महत्त्व आहे. खेड तालुक्यात तालमींची परंपरा जुनी; पण तालीम लांब असली तरी खोलीच्या दारात दहा-दहाच्या तीन फेऱ्या बैठका आणि भिंतीला हात टेकून जोर, एक दिवस आड, एवढ्याने सुरुवात होते. गुडघा दुखणाऱ्याने खुर्चीवरून उठबस करावी.

चालायला चाकणमध्ये जागा कुठे आहे, हा प्रश्न रास्त आहे. तळेगाव चौक किंवा आंबेठाण चौकात संध्याकाळी कंटेनर आणि ट्रेलरच्या रांगांतून चालणं म्हणजे जीव मुठीत घेणं. पदपथ नाहीत, जिथे आहेत तिथे हातगाड्या आणि दुचाक्या. अंधार पडल्यावर एकटी बाई चालायला निघू शकत नाही. चौदा-पंधरा किलोमीटरवर आळंदी, तिथून पंढरपूरपर्यंत अडीचशे किलोमीटर चालणारी माणसं आपलीच. आणि त्यांच्याच मुलांना घराबाहेर अर्धा तास सुरक्षित चालता येत नाही, याची लाज नगरपरिषदेला, एमआयडीसीला आणि रस्ते बांधणाऱ्यांना वाटली पाहिजे. शिंदे-वासुली भागात राहणाऱ्यांना भामचंद्र डोंगर जवळ आहे. तुकोबांच्या साधनेची ही जागा कारखान्यांच्या छपरांवरून दिसते, सुट्टीच्या सकाळी चढून यावी. बाकीच्यांसाठी सर्वांत सुरक्षित जागा बहुधा कंपनीच्या आवारातच आहे. जेवणानंतर दहा मिनिटं आतल्या रस्त्यावर फेरी मारली तर जेवणाने चढणारी साखर त्याच वेळी कमी होते. त्यासाठी अर्ध्या तासाच्या सुट्टीतली वीस मिनिटं ताटाच्या रांगेत जाता कामा नयेत.

आणि रांग कमी करणं, साखर वेगळी ठेवणं, दुसरी वाटी उसळीची देणं हे कुणी करायचं? याचं उत्तर १९४८च्या कारखाने कायद्यात होतं. त्याच्या ४६व्या कलमाने अडीचशेहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कॅन्टीन ठेवायला लावण्याचा अधिकार राज्याला दिला, आणि त्याच कलमात कॅन्टीनची व्यवस्थापन समिती आणि तिच्यात कामगारांचे प्रतिनिधी यांची तरतूद होती. नव्या कामगार संहितेत ही संख्या कंत्राटी कामगार धरून १०० वर आली आहे. कॅन्टीन समित्या अनेक ठिकाणी आहेत. त्यांच्यात भांडणं होतात ती बहुधा चपाती कच्ची, भाजीत तेल जास्त, सणाला गोड काय यावर. माझं म्हणणं आहे की चाकणमध्ये मधुमेहाची लढाई दवाखान्याआधी या समितीच्या टेबलावर लढायची आहे. कॅन्टीनच्या ठेकेदाराशी करार होताना ताटात डाळ किती ग्रॅम, उसळ किती, कोशिंबीर रोज की आठवड्यातून दोनदा, रात्रपाळीचा वेगळा मेनू आहे का, हे लिहून घेता येतं. करारात दर ताटामागे पैसे वाढवायला नकार असेल तर भात-चपाती ‘पाहिजे तितकी’ ऐवजी ‘दुसरी उसळ पाहिजे तितकी’ असा बदल मागता येतो. यासाठी संघटनेने वेतनकराराइतक्याच गंभीरपणे बसायला हवं.

कंत्राटी कामगार, ट्रेनी मुलं या टेबलावर नसतात, आणि लाइनवर संख्येने तेच जास्त असतात. तपासणीचीही त्यांना भीती आहे. नव्या कंपनीत घेताना ‘मेडिकल’ होतं. त्यात शुगर निघाली तर घेतील का, हा प्रश्न मनात असला की माणूस तपासणी टाळतो आणि असलेला आजारही लपवतो. सरकारी कार्यक्रमात आशाताई तीस वर्षांवरच्यांची नोंद घेतात, पण त्या घरी येतात तेव्हा हा माणूस पाळीवर किंवा झोपेत असतो; आणि बावीस-पंचवीस वर्षांच्या मुलाला तर त्या यादीत जागाच नाही. अठराव्या वर्षी एक तृतीयांशाहून अधिक मुलग्यांची साखर चढलेली दिसलेल्या प्रदेशात तीसची अट मला फार उशिराची वाटते. आईवडिलांना मधुमेह असेल, कंबर ९० च्या पुढे असेल, तर विशीतच उपाशीपोटी साखर तपासावी. १०० ते १२५ म्हणजे उंबरठा, १२६ आणि पुढे म्हणजे मधुमेह. तीन महिन्यांची सरासरी दाखवणाऱ्या एचबीएवनसीमध्ये ५.७ ते ६.४ उंबरठा, ६.५ पासून मधुमेह. एकदा जास्त आली तर पुन्हा तपासून खात्री करायची. पगार २१,००० रुपयांपर्यंत असेल तर ईएसआयचं (कामगार राज्य विम्याचं) कार्ड असतं, तपासणी आणि औषध त्यावर मिळतं. चिंचवडला मोहननगरमध्ये त्यांचं रुग्णालय आहे.

‘गोळी एकदा सुरू झाली की सुटत नाही’ या भीतीने कित्येक जण गोळी सुरूच करत नाहीत आणि पाच वर्षांनी डोळे किंवा पाय घेऊन दवाखान्यात येतात. ब्रिटनमध्ये झालेल्या अभ्यासात, मधुमेह होऊन सहा वर्षांच्या आत असलेल्या जाड माणसांनी कठोर आहाराने वजन उतरवलं तेव्हा वर्षभरात जवळजवळ निम्म्यांची साखर गोळ्यांशिवाय काबूत आली. लवकर हात घातला तर वाट मोकळी असते. सडपातळ माणसाला ती तितकी मोकळी असेलच असं नाही, आणि मेटफॉर्मिनची गोळी घ्यावी लागली तर ती हार नव्हे. फक्त ही गोळी बी१२ जीवनसत्त्व कमी करते, आणि आपल्याकडे शाकाहारी घरांत ते आधीच खाली असतं. तळपायांना मुंग्या आल्या तर साखरेबरोबर बी१२ही तपासायला सांगावं. सेफ्टी शूज दिवसभर घालणाऱ्या मधुमेहीने पाळी सुटल्यावर मोजे काढून तळवे आणि बोटांच्या बेचक्या रोज पाहाव्यात. संवेदना गेलेल्या पायाला चावणारा बूट कळत नाही, आणि चाकणचा माणूस पायावरच उभा राहून कमावतो.

शेवटी पुन्हा आयांकडे यावं लागतं. पाबळच्या त्याच अभ्यासात, आघारकर संशोधन संस्थेच्या डॉ. शोभा राव आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की ज्या गरोदर बायका पालेभाज्या आणि फळं वरचेवर खात होत्या, त्यांची बाळं आकाराने मोठी होती. फार महाग काही नाही. बांधावरची भाजी, परसातलं फळ. बी१२ कमी आणि फोलेट हे दुसरं जीवनसत्त्व जास्त अशा आयांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षीच इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती अधिक दिसली. त्यातून २०१२ साली याज्ञिकांच्या गटाने त्याच मुलामुलींना, तेव्हा वयात आलेल्या, लग्नाआधीपासून बी१२ द्यायची चाचणी सुरू केली. पुढच्या पिढीचा मधुमेह टाळण्याचं काम गर्भ राहण्याच्या आधी सुरू करावं लागतं, हा त्यामागचा विचार.

चाकणच्या खोल्यांत आज हजारो तरुण बायका आहेत, काही स्वतः कंपनीत, काही घरी. नवरा पाळीवरून येईल तेव्हा ताट करायचं, उरलेलं आपण खायचं. त्यांच्या वाट्याला उसळीची वाटी आणि पालेभाजी रोज आली पाहिजे, आणि ती नवऱ्याने बाजारातून आणली पाहिजे. दिवस गेल्यावर ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी साखर बघतात. १४० किंवा जास्त आली तर गरोदरपणातला मधुमेह. सरकारी नियमाप्रमाणे ही तपासणी पहिल्याच भेटीत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान व्हायला हवी. पहिली चाकणला होते. सातवा-आठवा महिना लागला की बाई बाळंतपणाला माहेरी जाते, अहमदपूरला, गंगाखेडला, मेहकरला, आणि कागद चाकणच्या खोलीत राहतात. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी करायची साखरेची तपासणी तिथे कुणी करत नाही, कारण आधी साखर निघाली होती हे तिथल्या नर्सताईंना माहीतच नसतं. अशा बाईला पुढे कायमचा मधुमेह होण्याची शक्यता बरीच जास्त असते आणि तो वेळीच लांबवता येतो. माहेरी जाताना तिच्या पिशवीत बाळाच्या कपड्यांबरोबर तपासणीची फाइल जायला हवी, आणि पाठवणी करताना चाकणच्या आरोग्य केंद्राने फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहावं: साखर निघाली होती, सहा आठवड्यांनी पुन्हा तपासा.